डोकरी

या शहरात आता शेण मिळत नाही.
स्वच्छतेत पहिला नंबर, गोठे हद्दीबाहेर गेले.
भाद्रपदातल्या पौर्णिमेला स्कूटर काढली
आणि हातोदच्या रस्त्याला भेरूलालकडे गेलो.
त्यानं पिशवी भरून दिली, पैसे घेतले नाहीत.
"भाभी साब नहीं आईं?"
मी हेल्मेट घातलं.

संजा कुवार मुलींची.
पितरांच्या पंधरवड्यात, रोज संध्याकाळी
भिंतीवर शेणाची एक आकृती,
वर तेरड्याच्या पाकळ्या, चमकीचा कागद.
मंदानं ती लग्नानंतरही सोडली नाही.
पन्नाशीतही मनगटापर्यंत शेण.
सेक्रेटरीनं पत्र दिलं, भिंती खराब होतात,
तर नंदलालपुऱ्यातून प्लायवूडची फळी आणली
आणि बाल्कनीत स्वतःची भिंत उभी केली.

देवळात ती जायची नाही.
मग हे काय, मी एकदा खवचटपणे विचारलं.
ती चांदणी थापत होती.
"दिवस लहान व्हायला लागलेत," म्हणाली,
"कुणीतरी लक्ष द्यायला नको?"

गेल्या वर्षी फळी मोकळी राहिली.
दिवस लहान झालेच.

माझे हात ऑडिटचे. बोटांतून बरोबरच्या खुणा येतात,
सूर्य येत नाही.
बीजेचा बिजोरा कोबीसारखा झाला,
चौथीची चौपड वाकडी.
शेजारची गुनगुन चौहान, वय वर्षं सात,
रोज तपासायला यायची.
"अंकल, ये तो लड़कियाँ करती हैं."
आणि बोलता बोलता पाकळ्या खोचायची, माझ्यापेक्षा नीट.
मग मी डबा वाजवायचो.
तिच्याकडे प्रसाद ताडतात,
आमच्याकडे भोंडल्यात खिरापत ओळखतात.
"चने?" नाही. "मूँगफली?" नाही.
बहुतेक वेळा आत बिस्किटंच असायची.
मला दुसरं काही येत नाही.

नवमीला डोकरा-डोकरी.
पंचांगात त्याच दिवशी अविधवा नवमी,
नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची.
मुलानं बंगळूरहून विचारलं,
"बाबा, गुरुजींना सांगितलंत? काही करायचंय का?"
करून राहिलोय, म्हटलं. आणि फोनला शेण लागलं.

आधी म्हातारी केली.
अंबाडा जरा मोठा झाला. तिचाही होता.
कपाळावर तांबडी पाकळी.
शेजारी म्हातारा, काठीसकट.
रात्री बाल्कनीत काहीतरी पडलं.
सकाळी पाहतो तर म्हातारा फरशीवर तीन तुकड्यांत,
ती फळीवर ठाम.
मी हसलो, दीड वर्षात पहिल्यांदा, इतका
की खालचा वॉचमन वर बघायला लागला.
असं नव्हतं गं ठरलं. किंवा
असंच ठरलं होतं, आणि तू ऐकलं नाहीस.

अमावास्येला किल्लाकोट. मग सगळं खरवडून पाण्यात सोडायचं.
पिशवी घेऊन खान नदीच्या पुलावर गेलो.
पुलाला उंच जाळी, जाळीवर पाटी:
येथे काहीही टाकू नये.
पाटी वाचून मला बरं वाटलं, हे खरं सांगतो.
परत आणलं. गच्चीवर वाळत घातलं.
आश्विन गेला, कार्तिक गेला.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी.
शालीबाहेर हात काढवत नव्हता.
चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी चालतं,
असं मंदा म्हणायची, आणि आषाढातही खायची.
गच्चीच्या कोपऱ्यात घमेलं ठेवलं,
त्यात खपली खपली रचली,
बिजोरा, चौपड, सातिया, किल्ल्याचे बुरूज,
म्हाताऱ्याचे तीन तुकडे.
डोकरी जरा वेळ हातात धरली.
वाळून पापडासारखी हलकी झाली होती.
पाप असेल. बहुधा आहेच.
सगळ्यात वर ठेवली, आणि काडी ओढली.

धूर आधी डोळ्यांत गेला, मग सरळ वर.
वांग्याची साल तडकली.
हात गरम झाले, आधी बोटं,
मग तळवे, मग मनगटापर्यंत.

वासावर गुनगुन जिना चढून आली,
कानटोपीत, एका पायात चप्पल.
"अंकल, अंदर क्या है?"

ओळख, म्हटलं.